मी रणगाडा चालवला नव्हता

वाडी, नागपूर
ता. १७ फेब्रुवारी १९७५

ती. सुभद्राबाईस,

धाकट्या भावाचा, बळीरामचा, जय भीम. तुझे गुडघे आणि भाऊजींचा खोकला कसा आहे ते कळव. मी ठणठणीत आहे. पलटणीनंतर गोदामाची पहारेदारी म्हणजे आरामच.

काल तुझ्या सांगण्यावरून सदरला मारोतरावांकडे मुलगी पाहायला गेलो. (इस्त्रीचे कपडे होते, मिशीही कातरली होती.) पासष्टची आणि एकाहत्तरची, दोन लढाया पाहिलेल्या माणसाला बैठकीची काय भीती? मी ताठ बसलो. पण बाई, मी रणगाडा चालवत होतो असं तू त्यांना काहून सांगितलंस? मारोतरावांनी ऐकायला अर्धी आळी जमवली होती! मी सरळ सांगून टाकलं की मी लंगरी होतो, पलटणीचा स्वयंपाकी. शेजारी एकेक करून कामं आठवून उठले. मारोतराव छताकडे पाहू लागले.

तेव्हा मुलगीच बोलली. (नाव कुसुमावती, शाळेत मास्तरीण आहे, वय तू म्हणालीस त्याहून चार वर्षं जास्त, पण माझंही तू कमीच सांगितलंयस.) "लढाईत लंगरी काय करते जी?"

मग सांगितलं. पासष्टला पंजाबच्या सरहद्दीवर मी आणि देवाजी खंदकात जेवण पोचवत होतो. गोळा पडला, वरणाचं पातेलं उडालं, देवाजी जागीच गेला. मी पोळ्यांचं पोतं ओढत रांगत पुढे गेलो, कारण पुढची माणसं दोन दिवसांची उपाशी होती. एकाहत्तरला पूर्वेकडे छातीभर पाण्यातून डोक्यावर भाताची डेग घेऊन नदी ओलांडली. शरण आलेल्या शिपायांनाही मीच खिचडी वाढली. त्यातला एक म्हणाला, मीठ कमी आहे. (कमीच होतं. मी दिलं.)

ती हसली, मग म्हणाली, "देवाजीच्या घरी कोण आहे?"

बाई, दहा वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. आई आहे, मी वर्षातून एकदा भेटून येतो, एवढंच बोलता आलं. नंतर मी उठून त्यांच्या स्वयंपाकघरात शिरून चहा ठेवला. मारोतराव "अहो पाहुणे, अहो पाहुणे" करत मागे फिरत होते. तिने दोन कप घेतले.

एकंदरीत मुलगी फार चौकस आहे, उंचीही माझ्याहून बोटभर जास्तच. मला काही घाई नाही. ते नाही म्हणाले तरी माझं काही अडत नाही, हे तू पक्कं समज.

भाऊजींना जय भीम, लेकरांना आशीर्वाद.

तुझा
बळीराम

ता. क. – त्यांचा निरोप तुझ्याकडेच उमरेडला येणार आहे. होकार असेल तर पत्र लिहीत बसू नको, तार कर.

ता. क. – नकार असेल तर काहीच कळवू नको. फक्त आठ दिवस माझ्याकडे राहायला ये.