लडबड्या गेंड्याच्या शेवटच्या पानाची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, धंदा लहान मुलांसाठी चित्रपुस्तके करणे, वय पंच्याहत्तरीच्या पुढे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवत आहे. थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईचे, दडपण जन्मापासूनचे आहे. ते यात धरू नये. माझा हात थरथरतो, पण डोके ठिकाणावर आहे, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ताईला तो पटलेला नाही.

१. खालच्या मजल्यावरची माझी कामाची खोली भाचीला द्यावी. ती दातांची डॉक्टर आहे आणि तिला तिथे दवाखाना काढायचा आहे. भिंतींवरचे रंगांचे शिंतोडे तिने तसेच ठेवावेत. दाढ उपटली जात असताना माणसाला बघायला काहीतरी लागते.

२. बँकेत जे उरले असेल ते कोपऱ्यावरच्या बालवाडीला, चावलेल्या पुस्तकांच्या जोडीला नवी घेण्यासाठी. चावलेली टाकू नयेत. ज्या पुस्तकाचा कोपरा कोणी चावला नाही, ते मुलांना आवडलेले नाही, असे माझे अनुभवाचे मत आहे.

३. माझ्या पुस्तकांमुळे मुले नाकात बोटे घालू लागली, असे एका समीक्षक महाशयांनी छापून आणले होते. त्यांना माझा कामाचा अ‍ॅप्रन द्यावा. तो कधीही धुतलेला नाही. उभा केला तर उभा राहतो.

४. लडबड्या हा माझ्या सगळ्या पुस्तकांतला गेंडा. तो आंघोळ करत नाही. पहिल्या पुस्तकाचे शेवटचे पान मी चिखलाने भरून टेबलावर वाळत ठेवले आणि प्रकाशकांना आणायला स्टेशनवर गेलो. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून ताई आवरायला आली. कागदावर काहीतरी सांडले आहे असे समजून तिने ओल्या फडक्याने ते घासून काढले. आम्ही परतलो तेव्हा कागदावर एक फिकट, स्वच्छ गेंडा आणि एक चिखलाचा कान एवढेच उरले होते. मी कोरा कागद शोधू लागलो. प्रकाशक मात्र पोट धरून हसले आणि म्हणाले, हेच छापायचे: स्वच्छ झालेल्या लेकराला आई ओळखतच नाही, शेवटी कानावरून ओळखते. पुस्तक धो धो खपले. तेव्हापासून प्रत्येक लग्नात ताई सांगत आली आहे की ते पुस्तक तिने केले. म्हणून त्या पुस्तकाचे सर्व हक्क तिला. मुखपृष्ठावर छापावे: ‘चित्रे – भाऊ; पुसणे – ताई’. ती माझ्याहून मोठी असली तरी माझ्यामागे राहील असे मी धरून चालतो. पसारा आवरल्याशिवाय ती कुठूनच निघत नाही.

५. नवे पुस्तक हात थरथरू लागल्याने शेवटच्या पानावर अडले आहे. लडबड्या अखेर आंघोळीला बसतो, असे ते पान आहे. ते ताईने पुरे करावे, असे मी इथे लिहिले आणि तिला वाचून दाखवले.

“मला गेंडा काढता येत नाही रे,” ती म्हणाली.

“गेंडा नको काढूस. नुसता फेस काढ. आत तो आहे, हे मुलांना कळतं.”

तू मेल्यावर कशाला, आत्ताच करते, असे म्हणून तिने पदर खोचला. आधी एका कोपऱ्यात जपून एक बुडबुडा काढला. मग दुसरा. मग ब्रश बाजूला ठेवून दोन्ही हात पांढऱ्या रंगात बुडवले. फेस पानाबाहेर गेला, टेबलावर आला, माझ्या चष्म्यावर आला. पान झाल्यावर ती तशीच, कोपरापर्यंत पांढरी, चहा टाकायला गेली. साखरेचा डबा, दाराची कडी, गॅसचे बटण, सगळीकडे तिची बोटे उमटली आहेत. ती कोणी पुसू नयेत.

सबब कलम पाच आजच पार पडले असून, त्यापुरती माझ्या मरणाची वाट पाहण्याची गरज नाही.

सही: (वाकडी, पण माझीच)
साक्षीदार: १. समोरचे लाँड्रीवाले २. शेजारच्या चष्म्याच्या दुकानाच्या मालकीणबाई
ठिकाण: कामाची खोली, टेबलाची कोरडी बाजू
दिनांक: सात फेब्रुवारी, चहा गाळत असताना