मुख्याधिकारीबाई आणि दुप्पट झालेलं क्लेगबी

क्लेगबी,
रविवार, १४ सप्टेंबर

प्रिय हिल्डाताईस धाकट्या नॉर्मनचा सप्रेम नमस्कार.

नवा गुडघा बसवल्यापासून तू जिने चढायला लागलीस हे ऐकून बरं वाटलं. (जुना गुडघा तुमच्या स्टॅनरॉइडच्या चढांनीच खाल्ला, हे माझं मत अजून तेच आहे.) इकडे मी ठीक. बायको ठीक. कुत्रा जरा नरम आहे, पण तो सामना हरलो की नेहमीच असतो. दाजींनाही नमस्कार. नदीपलीकडच्या क्लबाचे ते आता उपाध्यक्ष झाले, तरी मी त्यांना माणूसच समजतो, हे त्यांना कळव.

पत्रास कारण असं, की आमच्या रग्बी क्लबाने मुख्य कार्यकारी अधिकारीबाईंच्या वर्षभराच्या कामाचं मूल्यमापन करायला तिघांची समिती नेमली आहे, आणि त्यात मी आहे. एकेचाळीस वर्षं फाटकावर तिकिटं फाडणाऱ्याला आपण कुणाचं मूल्यमापन करू असं कधी वाटलं नव्हतं. (तसा मी फाटकावर दर सामन्याला हजार माणसांचं करतो, पण ते मनात.) बाकीचे दोघे म्हणजे अध्यक्ष क्लफ (धंद्याने खाटीक, मैदानावर विकल्या जाणाऱ्या मांस-बटाट्याच्या पाई त्याच्याच) आणि खेळाडूंचे शर्ट धुणाऱ्या मिसेस ऑल्डरॉइड. बाईंना ठेवायचं की नारळ द्यायचा, एवढंच ठरवायचं. पण थट्टेची गोष्ट नाही. लीगचे मुख्यालयवाले वर्षाअखेरीस प्रेक्षक, कारभार वगैरे पाहून क्लबांना गुण देतात. ते कमी पडले की आम्ही खालच्या गटात, आणि आमच्या अवस्थेतला क्लब एकदा खाली गेला की परत वर येत नाही, त्याच्या मैदानावर सुपरमार्केट येतं.

तर बाईंचं नाव फिलिपा पेनहॅलो. गाव कॉर्नवॉलात, म्हणजे जिथे पंधरा जणांचं रग्बी खेळतात आणि सामना संपल्यावर एकमेकांची विचारपूस करतात. पहिल्याच सभेत बाई उभ्या राहून म्हणाल्या, “आपल्या पंधरा शूर खेळाडूंसाठी मी जिवाचं रान करीन.” मग मागून कुणीतरी म्हणालं, “तेरा आमचे, बाई. वरचे दोन तुमच्या माहेरचे का?” बाई हसल्या. आम्ही हसलो नाही. सुरुवात ही अशी.

पुढे त्यांनी प्रेक्षक वाढवण्याचा विडा उचलला. प्रेक्षक उभे राहतात त्या पायऱ्यांच्या मधोमध रंगीत बाकं टाकून ‘कुटुंबकक्ष’ उभारला, आणि लहान मुलं हरवू नयेत म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी भिंतीपर्यंत डोक्याएवढं कुंपण घातलं. आता आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. मध्यंतराचा भोंगा झाला की अख्खं गाव उठतं आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभं राहतं, कारण आपली पोरं आता त्या टोकावर चढाई करणार. आजोबा कुबड्या घेऊन जायचे. अंत्ययात्रा थांबेल, पण टोक बदलायचं थांबणार नाही. बाईंना हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही विचारलं नाही.

पहिल्या सामन्यात मध्यंतराला हजार माणूस त्या कुंपणाला जाऊन थडकलं. कुणी ओरडलं नाही, तक्रार केली नाही. (तक्रार करायची म्हणजे कुणाशी तरी बोलावं लागतं.) सगळे गुमान गिरणीकडच्या फाटकातून बाहेर पडले, चॅपलच्या गल्लीतून वळसा घालून कालव्याकडच्या माझ्या फाटकातून पुन्हा आत आले. हातात अर्धं तिकीट होतं, मी कशाला अडवू? पण बाईंनी दोन्ही फाटकांवर आत येणारी डोकी मोजायचं नवं यंत्र बसवलं होतं. त्याला टोक बदलायची रीत कुठून कळणार? त्याने सगळ्यांना पुन्हा मोजलं.

झालं! अकराशेचं क्लेगबी एका आठवड्यात बावीसशेचं झालं. मुख्यालयाकडून अभिनंदनाचं पत्र आलं. गावच्या साप्ताहिकात बाईंचा फोटो, खाली ‘चमत्कार’. बाईंनी केक कापला. मीही खाल्ला. सात आठवडे हे चाललं आणि मी मूग गिळून बसलो. का, म्हणून विचारशील, तर मला कुणी विचारलंच नाही.

अखेर समितीपुढे बाई आलेख घेऊन आल्या. रेघ अशी वर गेलेली, की ती पाहायला मान मागे टाकावी लागे. मिसेस ऑल्डरॉइडनी चष्मा पुसला आणि क्लफकडे वळून विचारलं, “काय रे, तू पाई किती आणतोस?”

“आठशे,” क्लफ म्हणाला. “बापाच्या वेळेपासून आठशे. आणि संपतायत कुठे?”

“मग ही वरची हजार माणसं घरून डबा आणतात का?”

बाईंनी आलेखाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मिस्टर सग्डन, फाटकावर तुम्ही असता ना?”

“असतो की.”

“मग?”

“मग काय, बाई, आमची माणसं निष्ठावान आहेत. दोनदा येतात.”

बाईंनी आलेख गुंडाळला. तर ताई, असं हे आमचं रत्न. जिला खेळाडू मोजता येत नाहीत, प्रेक्षक मोजता येत नाहीत, अशी बाई कुठल्याही शहाण्या क्लबाने दारात उभी करू नये. माझं हे मत सहज बोलता बोलता दाजींच्या कानावर घालावंस. गुडघ्याला जप.

तुझा धाकटा,
नॉर्मन

ता. क. हे पान वेगळ्या कागदावर लिहिलंय ते मुद्दाम. वाचून शेगडीत टाक. पहिलं पत्र मात्र दाजी चहा पितात तिथे उघडं राहू दे. गेल्या मंगळवारी मिसेस ऑल्डरॉइड रोपं आणायला तुमच्याकडच्या रोपवाटिकेत आल्या होत्या, तेव्हा तिथल्या उपाहारगृहात दाजी आमच्या बाईंना तिसरा केक आग्रहाने वाढत होते. उपाध्यक्ष असा आग्रह उगाच करत नाही, बाईंना तुमच्या क्लबात ओढायचा बेत दिसतो. आमची समिती तर कधीच उरकली. बाईंना ठेवायचं, तीन विरुद्ध शून्य.

पहिल्या पत्रातलं सगळं खरं आहे. मी फक्त मध्येच थांबलो. त्याच संध्याकाळी बाईंनी मुख्यालयाला स्वतःहून कळवलं, की आकडे खोटे आहेत, चूक माझी. आमचे गुण कापले गेले. दुसऱ्या दिवशी त्या पाना घेऊन आल्या आणि कुंपणाचे बोल्ट काढायला लागल्या. क्लफ नुसता बघत होता, मग त्याने कोट काढला. गावात आठवडाभर हसून हसून लोकांची पोटं दुखली. पण त्यानंतर लोक यायला लागले, ताई! स्वतःचं खोटं स्वतः सांगणारी माणसं आमच्या क्लबाच्या कचेरीत कुणी पाहिली नव्हती. गेल्या सामन्याला बाई माझ्याशेजारी उभं राहून हातानेच मोजत होत्या. सोळाशे चाळीस, प्रत्येक जण एकदाच. आणि मध्यंतराला त्यांनीही सगळ्यांबरोबर टोक बदललं.

ता. क. २. दाजी काही दूधखुळे नाहीत. त्यांना संशय आलाच, तर हे पान जाळू नकोस, त्यांच्या हातात दे. त्यांना सांग, आम्हांला अजून थोडे गुण हवेत, आणि ते मिळवून देणारी एवढी एकच बाई आमच्याकडे आहे. तुमच्याकडे माणसं पुष्कळ आहेत. छत्तीस वर्षांत मी दाजींकडे काही मागितलं नाही, आज मागतो. तिला राहू द्या. तुम्ही आम्हांला हरवा, दर वर्षी हरवा, आमची ना नाही. पण हरवायला तरी आम्ही शिल्लक असायला हवं ना?