लेकाच्या नावाचा डबा

खडकवाडी, ता. गंगापूर
१८ नोव्हेंबर २०२५

चि. सुदर्शन,

तुझ्या बाईचे आशीर्वाद. तू, प्रेरणा आणि लेकरं खुशाल असाल. पुंडलिकनगरात नळाला पाणी आता किती दिवसांनी येतं? इथं कापसाची वेचणी चालू आहे, बोअरला पाणी आहे, आणि माझे गुडघे माझं ऐकत नाहीत. म्हणजे सगळं नेहमीसारखं.

चौथीत मीच तुम्हाला शिकवलं होतं, पत्रात आधी खुशाली लिहावी, मग काम. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे जावेदच्या हाती देते आहे. तो इथून रोज वाळूजला तुमच्याच शिफ्टला जातो, त्यामुळे मिळालं नाही असं म्हणायची सोय नाही.

आमचं स्वयंपाकघर तुला माहीत आहे. ज्यांची मुलं शहरात गेली आणि ज्यांच्यानं चूल पेटवणं होत नाही, अशा म्हाताऱ्यांना दुपारचा डबा. जुन्या चावडीत आम्ही रांधतो. भाकऱ्या मी थापते, भाजी सोनियाची, आणि दोघी मिळून गल्लीगल्लीत डबे पोचवतो. त्यासाठी शहरातला एक ट्रस्ट अनुदान देतो. दरवर्षी त्यांचं माणूस येतं, बघून जातं आणि पुढच्या वर्षाचं मंजूर होतं.

यंदा श्रेया नावाची मुलगी आली. गुणी पोर, चपला काढून ओट्यावर बसणारी. तिनं घरोघर जाऊन एकच विचारलं, "घरचे बघतात का?" आता तूच सांग, परक्या माणसापुढं कोण म्हातारं म्हणेल की माझा लेक मला विचारत नाही? पुंजारामबाबांनी फेटा सारखा केला आणि म्हणाले, "दोन वाघ हायेत माझे. काय कमी नाय." त्यांच्या घरात सकाळपासून चहाची पत्ती नव्हती, आणि हे तिला चहाचा आग्रह करत होते!

तुझी आई तर सगळ्यांच्या वरताण. म्हणाली, "सुदर्शन समदं बघतो. दानापानी, दवाखाना, समदं. ह्या बायांचं मन मोडू नाय म्हणून डबा घेती मी."

श्रेयानं ऐकलं तसं लिहिलं. ट्रस्टचं उत्तर आलं की आपल्या गावात मुलं आईवडिलांना सांभाळतात हे ऐकून आनंद झाला, अनुदान महिनाअखेर थांबवू आणि जिथं गरज आहे तिथं देऊ. वाचून मला आधी हसू आलं, मग रडू. आम्हीच आमच्या पायावर धोंडा पाडून घेतला. मलाही तिनं मोईनबद्दल विचारलं होतं. आपल्या पोटच्या पोराबद्दल मी काय सांगितलं असेल, ते तू समजून घे.

मी शहरात जाऊन श्रेयाला भेटले. ती म्हणाली, "बाई, मला कळतंय हो. पण त्यांच्या तोंडून आल्याशिवाय लिहू कसं?" या रविवारी ती परत येते आहे. सगळ्यांना चावडीत बसवून पुन्हा विचारणार. एकानं खरं सांगितलं की बाकीच्यांनाही धीर येईल. पण पहिलं तोंड कुणी उघडायचं?

आता काम. मघापासून टाळते आहे.

श्रेया येऊन गेली आणि तुझ्या आईनं डबा खाणं बंद केलं. सोनिया म्हणाली, डबा तसाच परत येतो, कडीसुद्धा उघडलेली नसते. मी घरी गेले. चूल थंड, फडताळात मूठभर मुरमुरे. तिच्या हातांनी आता भाकरी थापली जात नाही, तुला ठाऊक तरी आहे का? मी रागावले तर म्हणते, "लेक बघतो म्हणून सांगितलं ना मी त्या पोरीला? आता धर्माचं खाल्लं तर मी खोटी, अन् माझ्यापायी त्योबी खोटा." पुढं हापशावर चक्कर येऊन पडली. कपाळाला खोक पडली आहे.

तेव्हा मी खोटं बोलले. म्हटलं, "वहिनी, आजपासून हा डबा सुदर्शनचा. त्यानं मला फोन करून सांगितलंय." ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग डबा पुढं ओढला आणि जेवली. रस्सा बोटानं निपटून खाल्ला. आता रोज जेवते, आणि लेकानं डबा लावलाय म्हणून गल्लीभर सांगते.

सुदर्शन, रविवारी ती चावडीत हेच सांगणार. पुंजारामबाबा मान डोलावणार आणि श्रेया निघून जाणार. मी तिला खोटं पाडलं तर ती पुन्हा जेवणार नाही. गप्प बसले तर एक तारखेपासून कुणालाच डबा नाही. इकडे आड, तिकडे विहीर. मला रात्री झोप लागत नाही.

म्हणून तू ये. चावडीत उभा राहा आणि तुझ्या तोंडानं सांग की तुझ्याच्यानं होत नाही. तू सांगितलंस तर लाज तुझ्याकडे येईल, तिच्याकडे नाही. तू तरणा आहेस, तुला पेलेल. मी भांडायला लिहीत नाही. तुझी आई तुमच्याकडे राहून परत आली ते प्रेरणाशी बिनसलं म्हणून नव्हे, दोन खोल्यांत जीव घुसमटला म्हणून, हे मला माहीत आहे. फक्त ये.

वाट बघते.

तुझी बाई,
ताहेरा


खडकवाडी
२४ नोव्हेंबर २०२५

सुदर्शन,

खुशाली विचारत नाही. जावेद म्हणाला, पत्र तू त्याच्यासमोर वाचलंस आणि घडी करून खिशात ठेवलंस. म्हणजे मिळालं.

मी तुला बोलावलंय हे तुझ्या आईला सांगितलं नव्हतं. जावेदकडून कळलं असणार, कारण काल ती ठेवणीतलं लुगडं नेसून सगळ्यांच्या आधी चावडीत आली. शेजारची जागा पदर पसरून अडवून ठेवली. कुणी बसायला लागलं की म्हणायची, "तिथं नगं, माणूस यायचंय." एसटी आली, गेली. मोटारसायकल वाजली की मान वर व्हायची.

श्रेयानं नेमकी तिच्यापासूनच सुरुवात केली. "आजी, मुलगा बघतो ना तुमच्याकडे?"

माझे हात पिठाचे होते, तशीच उभी राहिले. वाटलं, आता बोलावं. तोंड उघडेना. तुझी आई त्या रिकाम्या जागेकडे बघत होती. मग तिनं पदर गोळा करून खांद्यावर घेतला.

"लिव पोरी. मला लेक नाय."

श्रेया गोंधळली. "आजी, मागच्या वेळी तर तुम्ही..."

"मागच्या येळी खोटं बोलले. म्हातारपणी व्हतंय असं. लेक-बिक कुनी नाय मला. डबा बंद केला तर उपाशी मरन. लिव."

सगळं गाव तुझं बारसं जेवलेलं आहे, पण एकानंही तिला अडवलं नाही. मग पुंजारामबाबा काठी टेकत उठले. "मला दोन हायेत. दोघंबी बघत नायत. माझंबी लिव." त्यांच्यामागं एकेक करून सगळे बोलले. मीही मोईनचं सांगितलं. सांगताना रडले, लाज वाटली नाही. आज सकाळी श्रेयाचा फोन आला, अनुदान चालू राहणार.

खरं तर मला आनंद व्हायला हवा. पण काल संध्याकाळी तुझ्या आईकडे गेले आणि तिच्यावर ओरडलेच. "वहिनी, जित्याजागत्या लेकाला नाही कसं म्हणालात?"

तिनं मलाच वेड्यात काढलं. "मास्तरीण असून तुला येवढं कळंना व्हय? लेक हाय अन् बघत नाय म्हणलं असतं, तर शहरात त्याचं नाव खराब झालं असतं. लेकच नाय म्हणलं, तर माझं नशीब खोटं. त्याला काय बट्टा लागला?" मग हळूच म्हणाली, "अन् डबा त्याचा नाय हे मला पहिल्याच दिशी कळलं व्हतं. तुझा जीव तुटत व्हता, म्हणून खाल्ला."

तेव्हा निर्धास्त राहा. तुझं नाव कुठंही आलेलं नाही. तुला कुणी काही विचारायला येणार नाही. ट्रस्टच्या कागदावर लक्ष्मीबाईला मूलबाळ नाही, आणि खाली तिचा अंगठा आहे. डबा रोज पोचतो, ती जेवते. काळजी नसावी.

निघताना तिला विचारलं, सुदर्शनला पत्र लिहिणार आहे, काही निरोप? मी चपला घातल्या तेव्हा आतून म्हणाली, "थंडी लई पडलीय. रातपाळीला कान बांधून जात जा म्हनावं."

तिचा निरोप पोचवला. माझा काही नाही.

ताहेरा