सीटीसीची टाकी

कळवण, १० मार्च १९९६

ती. दादास,
जयभीम. राकेशला जाऊन महिना झाला. सविताने काल नवऱ्याच्या कारखान्याचा कागद माझ्या हातात ठेवला. ‘मयत दारूच्या आहारी गेला होता, त्यामुळे यकृत निकामी झाले.’ खाली सुपरवायझर म्हणून तुझी सही. सख्ख्या भावाची! सणावारी तो घोटभर घ्यायचा, नाकारत नाही. पण तीन वर्षं बंद खोलीत सीटीसीच्या, म्हणजे कार्बन टेट्राक्लोराइडच्या टाकीत सुटे भाग बुडवून धूत होता, ते कुठं लिहिलंस?

रसायनशास्त्र शिकवते म्हणून सांगते. यकृताच्या पेशीत शेकडो बारक्या भट्ट्या असतात, मायटोकाँड्रिया. तिथं अन्न जळून अंगाला बळ मिळतं. त्या टाकीची वाफ श्वासातून त्या पेशीत पोचली की तिचा रेणू तुटतो. उरलेला तुकडा म्हणजे फ्री रॅडिकल. त्याचा एक इलेक्ट्रॉन बिनजोडीचा असतो, म्हणून तो शेजारच्या स्निग्ध पडद्याला ओरबाडतो, मग तो पडदा पुढच्याला. पडदे फाटतात, भट्ट्या विझतात, पेशी मरते. पोटात दारू असली तर हे आणखी झपाट्यानं होतं. म्हणजे राकेशला तर त्या टाकीजवळ उभंच करायला नको होतं.

सही मागे घे. लोभ असावा असं लिहीत नाही, तो तूच संपवलास.
संजना

नाशिक, १८ मार्च

चि. संजनास,
जयभीम. तुझं शास्त्र तुझ्या वर्गात शिकव. राकेशला कामाला मी लावलं, दवाखान्यात खांद्यावर टाकून मी नेलं. तू उगवलीस तिसऱ्या दिवशी. साहेब म्हणाले, सही करा, नाहीतर खातं तुमचं, तुमच्यावरच येईल. मला दोन पोरी आहेत. त्या खोलीत मीही चार वर्षं फिरलो, मला काय झालं? फ्री रॅडिकल म्हणे! पुन्हा लिहू नकोस.
सावळीराम

कळवण, २५ मार्च

दादा,
कार्डावर मावेल एवढंच. राकेशच्या जागी टाकीवर गोजराबाईला उभं केलंय, असं सविता म्हणाली. तिचे डोळे पिवळे झालेत. तिनं आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. तिच्या कागदावर काय लिहिशील?
संजना

नाशिक, १७ एप्रिल

चि. संजनास,
गोजराबाईला उजेडात उभं करून पाहिलं. डोळे हळदीसारखे. म्हणाली, कावीळ हाय साहेब, गळ्यात माळ घातलीय, उतरंल. मी माळेवर विसंबलो नाही, दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणली.

मग कारखाना निरीक्षकाला लिहून दिलं: टाकी, बंद पडलेला पंखा, राकेशने हातमोज्यांसाठी केलेले दोन अर्ज, जे मीच दाबून ठेवले होते. आणि दारूचं लिहिलेलं खोटं, हेही. परवा टाकीला सील लागलं. काल मला गेटबाहेर काढलं.

हे तुझ्यासाठी केलेलं नाही. तुझं पहिलं पत्र मी चुलीत घातलं. भावाला टाकीवर मीच उभं केलं, हे कळायला मला तुझी शाळा लागत नव्हती. शब्दांनी मारायचं होतं, ते मारलंस. आता माझ्या दारी येऊ नकोस.

जबाबाची नक्कल घेऊन सविताकडे गेलो होतो. आत हालचाल होती, पण दार उघडलं नाही. बराच वेळ उभा राहिलो. मग नक्कल पायरीवर ठेवली, वर दगड ठेवला आणि परत आलो.
सावळीराम