खिडकीकडची खुर्ची

धुळे, ३ जानेवारी १९९४

इतक्या लांबचा तारा मेला, त्याचं आपल्याला काय? धरणगावच्या स्टँडवर आबांनी विचारलं, "इतला दूरना तारा मरी गया, त्यानं तुले काय शे?" मी नुसती हसले आणि गाडीत चढले. घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. आई गल्लीत सांगत सुटली आहे, आमची कुंदा आता शोध लावणार.

आमच्या कॉलेजातल्या लीलाधर सरांचं घर देवपुरात, मी राहणारही तिथंच. नोकरीतून निवृत्त झाले, पण काम सुटलं नाही. देवयानी दीर्घिकेत भडकलेल्या नवताऱ्यांचे फोटो आणि पुढं उपग्रहानं तिथलेच टिपलेले क्ष-किरण, अशा फिल्म परदेशातले मित्र त्यांना पाठवतात. दोन्ही एकावर एक ठेवून ठिपके जुळवायचे. यंत्राला समोरासमोर दोन भिंगं, दोघांनी एकदम बघायचं. मी खिडकीकडच्या खुर्चीत, सर समोर. दुसऱ्याच्या भिंगाला डोळा लावायचा नाही, एवढीच अट. सरांचा चष्मा फार जाड आहे. सरांच्या पत्नी यशोदाकाकूंना तर दिसतच नाही, पण त्यांच्या भाकरीपुढं माझी भाकर म्हणजे नकाशा!

१९ जानेवारी

सरांनी आज समजावलं. नवतारा म्हणजे जोडी. एक तारा मेलेला, लहान, घट्ट. तो शेजारच्या जिवंत ताऱ्याचा वायू ओढत राहतो. पुरेसा साठला की भडका. वरचं आवरण विरळ झालं की आतली धग क्ष-किरणांतून दिसते. म्हणजे मेलेला पेटतो तो दुसऱ्याच्या जिवावर, मी म्हटलं. सर डोळे पुसेपर्यंत हसले.

पहिला ठिपका मला सापडला! शोधनिबंधावर माझं नाव घालणार म्हणाले. आबांना पत्र टाकलं.

११ फेब्रुवारी

डोळे चुरचुरतात. खिडकीतून पांझरेचा पूल पुसट दिसतो. काकूंना म्हटलं, आज धुकं आहे. त्या म्हणाल्या, भर दुपारी कसलं धुकं, आणि चुलीकडं वळल्या.

सरांनी नवा चष्मा केला. पातळ काचांचा.

२ मार्च

घरी जायला निघाले होते. चुकून शिरपूरच्या गाडीत बसले. कंडक्टर म्हणाला, ताई, पाटी वाचता येत नाही का? सगळी गाडी हसली.

परत आले तर सर ओट्यावर सुईत दोरा ओवत होते. चष्म्याविना.

९ मार्च

काकूंना विचारलं, कधीपासून दिसत नाही. लग्नाआधी त्याही इथं कामाला यायच्या. खिडकीकडं बसायच्या, अगदी मी येईपर्यंत.

मग मला सांगितलं का नाही? — ज्यांच्या हातचं मी दोन महिने जेवले —

त्या म्हणाल्या, चुलीचा जाळ तेवढा दिसतो गं मला. तू आलीस म्हणून तो तरी राहिला.

१४ मार्च

बोदवडची मंदा नावाची मुलगी येणार आहे. माझ्या जागी. माझं काय चुकलं, सरांना विचारलं. काही नाही बेटा, तुझं झालं, म्हणाले. अगदी मायेनं. शोधनिबंध पुढं केला. हे बघ, तुझं नाव.

मला वाचता आलं नाही.

१६ मार्च

अक्षरं मोठी काढतेय. सर अंघोळीला गेले तेव्हा यंत्र टेबलावर उलटं फिरवलं. त्यांचं भिंग आता माझ्याकडं. दोन्ही सारखीच दिसतात — सर बसले. त्यांना कळलं नाही —

१७ मार्च

पूल दिसतोय. कठडा. कठड्यावरचा बगळा —

सर भिंत धरून चालतात. काकूंना हाका मारतात. काकू ओ देत नाहीत —

पण पुरत नाही. बगळ्याचा डोळा दिसावा — अजून —

मंदा आली. दारात उभी. हातात पिशवी, चेहरा नुसता हसरा. कुठं बसू ताई, विचारलं. सांगणार होते — पळ —

सरांची खुर्ची दाखवली तिला. बसली. भिंगाला डोळा लाव म्हटलं, आणि मी माझ्या भिंगाला —