एका ओळीची जागा

मंगळवार, ८ एप्रिल

सकाळी पासली गावी देवळात, कॉलेजातल्या मॅडमच्या शोधनिबंधाचं मी केलेलं सोपं पान वाटलं, वाचूनही दाखवलं. भाताची रोपं टाकायच्या जागेवर पाला पसरून राब भाजतात, तो न भाजताही रोपं तितकीच चांगली येतात, एवढंच त्यात होतं. सगळ्यांना समजलं. खूश होते मी.

नंतर ऐकायला आलेल्या सखूबाई मला शेतावर घेऊन गेल्या. बांधाला पाल्याचा ढीग होता, पंधरा दिवस डोक्यावरून वाहून आणलेला. म्हणाल्या, "तू म्हनतीस तर यंदा राब भाजत न्हाई म्या. ह्यो पाला जावंला देते." मी हो म्हटलं. का म्हटलं?

एसटीत बसल्यावर आठवलं. प्रयोग झाला कॉलेजच्या सपाट जमिनीवर, तोही एकच वर्ष. सखूबाईंचं शेत उतारावर; तिथं तसंच होईल का, कुणी पाहिलेलं नाही. 'सपाट जमीन, एकच वर्ष' ही ओळ माझ्या पहिल्या खर्ड्यात होती. मॅडमनी एकच पान सांगितलेलं, मजकूर एका ओळीनं जास्त होत होता. ती मीच काढली. मॅडमनी नाही.

घरी येताच सखूबाईंना फोन करून सगळं सांगितलं. पाला दुपारीच जावेकडे गेला होता. ढीग होता तिथं आता नुसता बांध, म्हणाल्या.

"मंग तवाच का न्हाई सांगितलं?"

"कागदावर जागा नव्हती, मावशी."

कागद उलटल्याचा आवाज आला.

"मागची बाजू कोरीच हाय की, पोरी."