आधी मालकाचा हात

मी, खाली सही करणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. आजवर कोणाला ते आणता आलेलं नाही. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. फुप्फुसांबद्दल त्यांनी दाखला दिला नाही, आणि मी मागितलाही नाही. "रागाच्या भरात काही लिहू नका," असं वकीलबाई म्हणाल्या. राग आहेच, पण भर केव्हाच ओसरला. आता उरलंय ते विचारपूर्वक आहे.

यापूर्वी मी केलेलं मृत्युपत्र, ज्यात मी माझ्या धाकट्या दिरांना माफ केलं होतं, ते रद्द समजावं. माफीसकट.

कलम एक. हे राहतं घर मागच्या खोलीसह माझ्या मुलीला मिळावं. त्या खोलीतला व्हाइस, कानशी, करवत आणि बारीक मापं घ्यायचा वर्नियर, ज्यांच्यावर मी जन्मभर कारखान्याचे साचे घडवले, तेही तिचेच. "जरा नेतो हं वहिनी," म्हणून भाऊजींनी नेलेलं ड्रिलसुद्धा तिचं. ते कारखान्याच्या स्टोअरमध्ये वरच्या फळीवर आहे. मागायचं नाही, उचलून आणायचं. बँकेत जे काही असेल तेही तिला. त्यातून माझा मोठा फोटो करून भिंतीवर टांगू नये.

कलम दोन. माझं शिवणयंत्र जाऊबाईंना द्यावं. बाई मनाने चांगल्या आहेत, फक्त नवऱ्याची बाजू घ्यायची त्यांना सवय लागली आहे. परवा भेटायला आल्या, उशाशी बसल्या आणि म्हणाल्या, "ताई, आता तरी मनातली अढी सोडा. बरोबर काय न्यायचंय?"

मी म्हटलं, "बरोबर न्यायची नाहीच. इथेच ठेवून जाणार आहे."

त्यावर त्यांनी माझी चादर नीट केली आणि चहा करायला उठल्या. यंत्राला अधूनमधून तेल घालावं.

कलम तीन. मागच्या खोलीतली प्लास्टिकचे दाणे वाळवायची छोटी भट्टी भाऊजींना द्यावी. हे वाचणाऱ्या सगळ्यांनी कारखाना पाहिलेला असेल असं नाही, म्हणून कारण जरा सविस्तर लिहिते.

आमच्या घरचा, भाऊजी चालवतात तो कारखाना उच्च दाबाच्या विजेच्या केबल जोडणारे कनेक्टर बनवतो. आत धातूची पिन, बाहेर प्लास्टिकचं आवरण. नुसतं प्लास्टिक टिकत नाही म्हणून त्यात बारीक काचतंतू मिसळलेले असतात. या प्लास्टिकचे दाणे येतात, आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतात. मशीनमध्ये ओतण्याआधी ते भट्टीत वाळवावेच लागतात. तसेच ओतले तर पाण्याची वाफ होते आणि आवरणाच्या पोटात बुडबुडे राहतात. बाहेरून तुकडा चकचकीत दिसतो. वीज मात्र बुडबुडा बरोबर हुडकून काढते.

माझे यजमान चाचणी विभाग सांभाळायचे. नव्या लोकांना तेच शिकवायचे, म्हणून कारखाना त्यांना मास्तर म्हणे. त्यांनी एक रीत पाडली होती. नव्या मालाचा पहिला कनेक्टर टेबलावर ठेवून वीज सोडायची, आणि दुसरं कोणी शिवण्याआधी त्यांनी आपला उघडा तळवा आवरणावर टेकायचा. "ज्याला उद्या लोक हात लावणार, त्याला आज आधी आपला हात," म्हणायचे. मी भांडायचे. "मग मीटर काय शोभेला ठेवलेत?" ते हसायचे आणि हात ठेवायचेच.

एका मोठ्या मागणीच्या वेळी कारखान्याची भट्टी बिघडली. मशीनवाला भाऊजींना म्हणाला, "साहेब, दाणे ओले आहेत. आज माल काढायला नको."

भाऊजी म्हणाले, "गाडी दारात उभी आहे. ओत. आणि हे कुणाच्या कानावर घालायची गरज नाही."

मास्तरांच्या कानावर कुणीच घातलं नाही. त्यांनी नेहमीसारखा हात ठेवला. त्यापुढचं मी लिहिणार नाही.

चौकशीत भाऊजी तोंड वर करून म्हणाले, "दादाला फाजील धाडस करायची खोड होती. किती वेळा समजावलं." मशीनवाल्याला नोकरी टिकवायची होती, तो गप्प राहिला. पुढे माझ्या दारात उभा राहून रडला आणि सगळं सांगितलं. मास्तरांच्या हाताखाली फुटलेला तो कनेक्टर मी मिळवला आणि करवतीने चिरला. आत बुडबुडे होते. दोन्ही अर्धी घेऊन मी भाऊजींच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती बघितली, ड्रॉवरमध्ये टाकली आणि म्हणाले, "वहिनी, हे उकरून दादा परत येणार आहे का?"

तेव्हापासून कारखान्यात कोणी हलगर्जीपणा केला की म्हणतात, "ए, मास्तरगिरी करू नकोस." माझी मुलगी तिथे नोकरीला लागली तेव्हा पहिल्याच दिवशी एका सुपरवायझरने हे तिलाच ऐकवलं. ती कोणाची मुलगी हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. घरी येऊन ती जेवली नाही.

तर ही भट्टी भाऊजींना. व्यवस्थित चालते. बटण उजव्या बाजूला आहे.

कलम चार. माझं भिंग त्या चौकशी अधिकाऱ्याला पाठवावं, ज्याने भाऊजींच्या केबिनमधून न उठता अहवाल लिहिला. तो निवृत्त झाला असल्यास घरी पाठवावं. टपालखर्च माझ्या खात्यातून.

कलम पाच. हे सर्वात महत्त्वाचं आहे. वकीलबाईंनी ते मोठ्याने वाचावं आणि भाऊजींना मधे बोलू देऊ नये.

मास्तर गेल्यावर मी नवा कनेक्टर शोधून काढला. दोन थरांचं आवरण, काचतंतू पिनेभोवती गोल फिरतील अशा जागी प्लास्टिक आत शिरायचं साच्याचं तोंड, आणि आवरण पुरतं बसल्याशिवाय आत वीज जाणारच नाही अशी कडी. त्याचं पेटंट माझ्या एकटीच्या नावावर आहे. "घरचंच तर आहे, कारखान्याच्या नावावर करू या," असं भाऊजी म्हणाले होते. मी म्हटलं, "घरातलीच आहे मी. माझ्या नावावर राहू द्या." आज कारखाना त्याच कनेक्टरवर उभा आहे, आणि तो बनवायची परवानगी मी जिवंत असेपर्यंतच आहे. इतकी वर्षं प्रत्येक मालाच्या पहिल्या तुकड्यावर मी स्वतः जाऊन हात ठेवला, कारण ओल्या दाण्यांपुढे माझीही अक्कल चालत नाही.

मी अंथरूण धरलं तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, तू काळजी नको करू. पुढच्या मालापासून मी ठेवते हात."

मी विचारलं, "दाणे कोण वाळवणार?"

"काकांची माणसं," ती म्हणाली. अगदी सहज म्हणाली. ते माफीवालं मृत्युपत्र मी त्याच दिवशी फाडलं. नवरा दिला, मुलगी देणार नाही.

म्हणून पेटंटचे सर्व हक्क मी भाऊजींना देते, पुढील अटींवर. माझ्या मुलीने चाचणीच्या टेबलाला शिवायचं नाही. प्रत्येक नवा माल निघाला की सगळ्या कामगारांना बोलवावं आणि भाऊजींनी त्यांच्यासमोर म्हणावं, "दाणे ओले होते. मी ओतायला लावले. मास्तरांची काही चूक नव्हती." मग बाही वर करावी आणि वीज चालू असताना आपला उघडा तळवा आवरणावर ठेवावा. हातमोजा चालणार नाही. मुलगा, मॅनेजर, मुखत्यार चालणार नाही. तब्येत बरी नसेल तर माल थांबेल, हात बदलणार नाही.

एकदा जरी चुकले, तरी सर्व हक्क नदीपलीकडच्या कारखानदाराकडे जातील, ज्याचं नाव काढलं तरी भाऊजींचं पित्त खवळतं. त्यालाही मी हीच हाताची अट घातली. त्याने कशाला म्हणून विचारलं नाही. घड्याळ काढून खिशात टाकलं, माझ्या कनेक्टरवर हात ठेवला आणि म्हणाला, "बाई, आमच्याकडे दाणे मीच तपासतो." मास्तरांची हकीकत आपल्या कामगारांना सांगायचंही त्याने कबूल केलं आहे. म्हणजे ती सांगितली जाणारच आहे, भाऊजी. तुमच्या तोंडून की त्याच्या, एवढंच तुम्ही ठरवायचं.

वहिनी आपल्या जिवावर उठली, असं तुम्ही घरी सांगाल. तसं नाही. माझं आवरण चांगलं आहे. दाणे कोरडे असतील तर तुमच्या हाताला गार प्लास्टिकखेरीज काही लागणार नाही. इतकी वर्षं मला भीती वाटायची की तिथे कोणी भट्टीकडे लक्ष देतं की नाही. आता वाटत नाही. मी गेल्यावर तुम्ही स्वतः त्या भट्टीसमोर खुर्ची टाकून बसाल, आणि मूठभर दाणे नाकाशी धरून बघाल, म्हातारे होईपर्यंत. माझ्या मुलीला तिथे सुखाने काम करता येईल.

या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी वकीलबाईंना नेमते. त्या कोणाच्या भिडेला पडत नाहीत.

हे सर्व मी वाचून, समजून, खाडाखोड न करता दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली आहे.

सही: मास्तरांची बायको, कनेक्टरची मालकीण

साक्षीदार पहिला: डॉक्टर, ज्यांनी दाखला दिला
साक्षीदार दुसरा: मशीनवाला, सेवानिवृत्त. स्वतःहून आला, बोलावलं नव्हतं.

ठिकाण: राहतं घर, मागची खोली
तारीख: वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे ती